सोमवारची वीत

बाईंचा उजवा हात कोपरापर्यंत पांढरा असायचा. नवीन माणूस आधी त्या हाताकडं बघायचा, मग काहीतरी आजार असेल म्हणून नजर दुसरीकडं वळवायचा. पहिल्या दिवशी मीही तेच केलं. बाईंनी माझ्याकडं न बघताच सांगितलं, “फक्की हाय सर. धुतली तर निगती. पन उद्या पुन्ना लागतीच, मग कशाला धुवावं?”

फक्की म्हणजे मैदान आखायची पांढरी पूड. ती ओढायचं यंत्र शाळेत होतं, चाकाचं. त्यात कोंबडी अंडी घालायची. बाई पत्र्याच्या डब्यात फक्की घ्यायच्या, मूठ भरायच्या आणि रांगोळी घालावी तशी मुठीतून धार सोडत वाकून चालायच्या. पन्नाशी उलटलेली बाई, साडीचा घोळ वर खोचलेला, पायात यजमानांचे कॅनव्हासचे बूट. यजमान एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांचे पाय बाईंपेक्षा दोन नंबरांनी मोठे होते. पुढं चिंध्या कोंबून बाई ते बूट घालायच्या. का, ते मी कधी विचारलं नाही. त्यांना ‘का’ विचारायची सवय शाळेत कुणालाच नव्हती.

आमची शाळा गंगाखेडच्या अलीकडं, परभणीच्या रस्त्याला लागून. बुद्धीच्या वाढीत मागं राहिलेल्या मुलांची निवासी शाळा. पत्र्याच्या सहा खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागं मैदान. मैदानाच्या एका टोकाला कडुलिंबाचं झाड, दुसऱ्या टोकाला तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडं ऊस. मी तिथं क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा माझ्या गळ्यात शिट्टी होती, पिशवीत तीस मीटरचा टेप आणि सुतळीचं बंडल होतं, आणि डोक्यात कॉलेजच्या मैदानावरच्या धावायच्या आठ सरळ पट्ट्या होत्या. बाई कागदोपत्री वर्गशिक्षिका. पण माझी जागा बरीच वर्षं रिकामी होती, त्यामुळं चार वाजताचा मैदानाचा तास त्यांनी आपला करून टाकला होता. मी आल्यावर तो त्यांनी मला द्यायला हवा होता. त्यांनी दिला नाही आणि मागायची माझी छाती झाली नाही. पहिले चार महिने मी त्यांचा डबा धरून त्यांच्या मागं चाललो.

शिट्टी पहिल्याच दिवशी गेली. मी ती फुंकली आणि एक मुलगा कान दाबून स्वयंपाकघरात पिठाच्या पिंपामागं जाऊन बसला. त्याला बाहेर काढायला जेवणाची वेळ झाली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या गळ्यातून शिट्टी काढून घेतली आणि म्हणाल्या, “शिट्टी वाजली की कोनी पळावं तेच लेकराला कळत न्हाई सर. नाव घ्या. नाव घेतलं की ज्याचं त्याला कळतं.” आणि नाव म्हणजे पुरं नाव. घरी ज्याला गज्या म्हणत तो मैदानावर गजानन असायचा. अर्धं नाव घेऊन हाक मारली की बाई मलाच टोकायच्या.

शाळेत नवीन मूल आलं की कार्यालयात त्याचे कागद फिरायचे. प्रमाणपत्रावर टक्के असतात, ते सगळे वाचायचे. बाई वाचायच्या नाहीत. त्या आईबापासमोर उकिडव्या बसायच्या आणि एकच विचारायच्या, “घरी काय उचलतं?”

माणसं गोंधळायची. “काय न्हाई बाई. आमी त्याला काय उचलू देत न्हाई.”

“तरी पन? तांब्या? सरपन? शेळीचं पिल्लू?”

असं विचारत गेलं की काहीतरी निघायचंच. त्या निघालेल्या गोष्टीवर बाई त्या मुलाचा खेळ उभा करायच्या. पोखर्णीकडचा एक मुलगा होता. त्याला पायरी उतरता येत नसे, तोल जायचा. त्याचा चुलता म्हणाला, “काय उचलतंय बाई, ज्वारीच्या दिवसात शेतातल्या माळ्यावरून गोफन तेवढी फिरवतंय. राघू एक बी लागत न्हाई, पन उडत्यात.” बाईंचे डोळे असे चमकले की मला वाटलं, चुलत्यानं काही भेटवस्तू आणली. दुसऱ्या दिवशी यजमानांनी विणलेली गोफण मैदानावर हजर. दगडाच्या जागी चिंध्यांचा गोळा. गोफण फिरवायची तर एका पायावर भार देऊन कमरेत वळावं लागतं, सोडताना भार दुसऱ्या पायावर घ्यावा लागतो. हे पुस्तकात मी वाचलं होतं, चित्रासकट. बाईंनी ते कुठंच वाचलेलं नव्हतं. दोन महिन्यांनी तो मुलगा कठड्याला हात न लावता पायऱ्या उतरला आणि खाली पोचल्यावर पुन्हा वर जाऊन पुन्हा उतरला. त्या दिवशी तो दुपारभर हेच करत होता.

चेंडूवर मात्र बाईंचा मनापासून राग. “लबाड जात,” म्हणायच्या. “ठिवलं तिथं ऱ्हात न्हाई. लेकरू धरायला जातं, ह्यो निगून जातो. लेकराला वाटतं माजंच चुकलं.” चेंडूऐवजी त्यांच्याकडं पिशव्या होत्या, तळहाताएवढ्या, जुन्या गणवेशांच्या कापडाच्या. यजमान दुपारी मशीनवर बसून त्या शिवायचे. आधी त्यात ज्वारी भरली होती, ती उंदरांनी खाल्ली. मग तूर भरली, ती स्वयंपाकीणबाईंनी टंचाईच्या दिवसात परत मागितली. शेवटी गोदावरीतली वाळू चाळून भरली. “पिशवी इमानदार हाय,” बाई सांगायच्या. “पडली तिथं ऱ्हाती, वाट बगत.” प्रत्येक मुलाची पिशवी वेगळ्या कापडाची. ती घेऊन लिंबाकडं पळत यायचं आणि झाडाखालच्या टोपलीत टाकायची, हा आमच्या शाळेचा मुख्य खेळ होता.

आता रेघांचं सांगतो, कारण माझा गुन्हा रेघांचाच आहे.

आमच्या मैदानावर एकही रेघ दुसरीला समांतर नव्हती. प्रत्येक मुलाची रेघ वेगळी, हातभर लांबीची. कुणाची लिंबापासून सहा पावलांवर, कुणाची वीस, कुणाची कोपऱ्यात तिरकी, कारण त्या मुलाची मान एकाच बाजूला वळायची. आपापल्या रेघेवर उभं राहायचं, पुरं नाव ऐकू येईपर्यंत थांबायचं आणि मग पळायचं. सगळ्यांचं अंतर वेगळं, त्यामुळं कुणी कुणाच्या मागं पडायचा प्रश्नच नव्हता. माझ्यासारख्याला वरून बघताना वाटायचं, एखाद्या पोत्यातून काड्या सांडल्यात. बाई रोज पावणेचारला त्या सगळ्या रेघा पुन्हा ओढायच्या. टेप नाही, खुंटी नाही, वही नाही. कोणत्या मुलाची रेघ कुठं, हे फक्त त्यांच्या पायांना माहीत होतं.

आणि दर सोमवारी त्या एक चोरी करायच्या. प्रत्येक रेघ एक वीत मागं सरकवायच्या. मूल आजारी असेल तर नाही, उदास असेल तरी नाही, एरवी एक वीत. मी डबा धरून चालताना एकदा त्यांना जमिनीवर पंजा पसरताना बघितलं तेव्हा त्यांनी मला हे गुपित सांगितलं, इकडंतिकडं बघून. “लेकरांना सांगायचं न्हाई बरं सर. एकदम लांब हुबं केलं की घाबरत्यात. वीतभर कळत न्हाई. ते आपलं कालच्याएवढंच पळतंय समजून पळतंय.” मी मान हलवली आणि मनात म्हटलं, काय एकेक खुळं असतात.

लिंबापासून सगळ्यात लांब रेघ होती गोदावरीची. बारा वर्षांची मुलगी. बोलायची फार थोडं, दिवसातून चार-पाच शब्द, तेही जेवणाचे. ती शाळेत आली ते माझ्या आधी. त्या दिवसाची गोष्ट मला मुख्याध्यापकांनी सांगितली. तिचे आईवडील ऊस तोडायला जाणारे. दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचे ते गुढीपाडव्याला परत. एका साली ती फडात हरवली, उसाच्या आत, दिवसभर सापडली नाही. पुढच्या सालापासून बाप तिला कोपीच्या, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीच्या, मेढीच्या खांबाला दोरीनं बांधून तोडीला जायचा. तिच्या डाव्या घोट्यावर काळा वळ होता. कार्यालयात बापानं हे सांगितलं तेव्हा मुख्याध्यापक त्याच्यावर तुटून पडले. बाप खाली मान घालून म्हणाला, “काय करावं सर. दोगं तोडीला गेल्यावर बगायला कोन हाय? बांधावं लागतंय.”

बाई एवढंच म्हणाल्या, “दोरी केवढी हुती?”

मुख्याध्यापक म्हणतात, त्यांना त्या क्षणी बाईंचाही राग आला होता. बापानं दोन्ही हात फाकवून दाखवलं, मग अजून थोडं. बाईंनी ते अंतर फरशीवर पावलांनी मोजलं. चार पावलं भरली. मग त्यांनी गोदावरीला मैदानात नेलं आणि लिंबाच्या बुंध्याशी सोडलं. ती चार पावलं गेली आणि थांबली. वळली, परत आली. पुन्हा चार. पायात काही नव्हतं, तरी पाचवं पाऊल पडेना. शाळेत ती खांबाशी, दाराशी, झाडाशी कुठंही उभी असली तरी तिची दुनिया तिथून चार पावलांची होती.

तिची पहिली रेघ बाईंनी लिंबापासून चौथ्या पावलावर ओढली आणि पुढच्या सोमवारी ती एक वीत मागं सरकवली. मी आलो तेव्हा अडीच वर्षं होत आली होती आणि ती रेघ जवळजवळ तारेच्या कुंपणाशी पोचली होती. तीसहून जास्त पावलं. बुंध्यापासून वीत वीत करत त्या मुलीनं एवढी जमीन मिळवली होती. हे कळल्यावर मी पहिल्यांदा बाईंच्या पांढऱ्या हाताकडं नीट बघितलं आणि मला माझ्या टेपची लाज वाटली. ती लाज टिकली नाही, हेही सांगायला हवं.

दिवाळी झाली. गोदावरीच्या बापाचा मुख्याध्यापकांना फोन आला. बुधवारी टोळीची गाडी निघणार, मंगळवारी येऊन पोरीला घेऊन जातो. “पोरगी मोठी व्हायलीय सर. लोकाच्यात ठिवायची म्हनलं की झोप लागत न्हाई. डोळ्यासमोर असलेली बरी.” मुख्याध्यापकांनी बरं म्हटलं. मुलगी त्याची, आणि त्याची काळजीही खोटी नव्हती.

बाई रविवारी मला म्हणाल्या, “नेली तर पुन्ना दोरीच. दुसरं करनार काय तो तरी? अन् पुन्ना चार पावलं.” त्यांचा आवाज तसा कधी ऐकला नव्हता. मग म्हणाल्या, “उद्या पयल्या एस.टी.नं जाते अन् बापाला हितं घेऊन येते. एकदा मैदानावर बगू द्या. बगून बी न्यायची म्हनला तर न्या म्हनते. चार वाजता आमी येतो. तुमी लेकरं तेवढी बाहेर आना. दुसरं काई करू नका सर.”

काही करू नका, हे माझ्यासारख्या माणसाला सांगायचं नसतं.

सोमवारी सकाळपासून मला एकच दिसत होतं. तो बाप फाटकातून आत येतोय आणि समोर काय बघतोय, तर काळ्या मातीवर सांडलेल्या काड्या. त्याला वाटणार, हे कसलं मैदान, इथं काय शिकवतात? मैदान मैदानासारखं दिसलं पाहिजे. मुलं वर्गात होती. मी खराटा घेतला आणि सगळं मैदान झाडून काढलं. मग पाईप लावून पाणी मारलं, धूळ बसवली. चार महिने पिशवीत पडलेली सुतळी ताणली, टेप अंथरला, लिंबापासून पंधरा मीटरवर एक लांब सरळ रेघ ओढली आणि तिथून लिंबाकडं आठ पट्ट्या. फक्की सगळी संपली, पण पट्ट्या अशा उमटल्या होत्या की मी मोबाईलवर फोटो काढला. बाईंच्या रेघा पुसल्या गेल्या याचं मला काही वाटलं नाही. त्या रोज ओढतातच की.

बाई फाटकातून आत आल्या आणि थांबल्या. मागं गोदावरीचे वडील, वाळलेला माणूस, डोक्याला टॉवेल. बाईंनी मैदान बघितलं, मग मला बघितलं.

“सर, गोदावरीची रेघ कुटं हाय?”

“पुसली. म्हटलं, तुम्ही पुन्हा—”

“डब्यात फक्की हाय का?”

डबा उलटा पडला होता. तेवढ्यात स्वयंपाकीणबाई मुलांना घेऊन बाहेर आल्या आणि मला माझ्या पट्ट्यांचा अर्थ कळायला लागला. गजानन माझ्या रेघेपर्यंत आला आणि आपली रेघ कुठं म्हणून बोटांनी माती उकरायला लागला. दुसरा एकजण पट्टीची पांढरी कड धरून पाऊलवाटेनं चालावं तसा चालत लिंबाला जाऊन धडकला. आणखी दोघं बसून रडायला लागले. गोफणवाला मुलगा माझ्याकडं बघून हसत होता, त्याला वाटलं, सर खेळायलेत. बाई एकेकाला हाताला धरून त्याच्या जागी नेत होत्या, नुसत्या पायाच्या अंदाजानं.

गोदावरी सगळ्यात शेवटी आली, पिशवी छातीशी धरून. मी घाईघाईनं तिला खांद्याला धरून तिसऱ्या पट्टीत उभं केलं. ती उभी राहिली. मी हुश्श केलं. मग ती पट्टीतून बाहेर पडली आणि लिंबाकडं पाठ करून चालायला लागली, सरळ कुंपणाकडं.

झाडाखाली बसलेला बाप उठला. “गेली बगा. मनलो न्हवं बाई म्या? पाय मोकळा सापडला की जाती.”

“बसा,” बाई म्हणाल्या.

“तारंपल्याड ऊस हाय बाई.”

“मला बी दिसायलाय. बसा तुमी.”

तो बसला नाही, पण पुढंही गेला नाही. गोदावरी चालत राहिली.  मी जे केलं होतं त्यामुळं ही मुलगी बुधवारी दोरीला बांधली जाणार होती, आणि हे मला तिथं उभ्या उभ्या स्वच्छ कळत होतं. कुंपण पाच-सहा पावलांवर राहिलं तेव्हा ती थांबली. खाली बघितलं. खाली ओल्या काळ्या मातीशिवाय काहीच नव्हतं. मग ती वळली, लिंबाकडं तोंड केलं, एक पाय मागं घेतला, दुसरा त्याच्या शेजारी जुळवला आणि उभी राहिली.

“बाई,” मी म्हटलं, “रेघ तिथंच होती ना?”

“तितंच.” बाई म्हणाल्या.

आता बाई नाव घेतील आणि ती पळत येईल, असं मला वाटलं. बाईंनी नाव घेतलं नाही. त्या बापाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. रस्त्यावरून एस.टी. हॉर्न वाजवत गेली. उसाचा ट्रॅक्टर गेला, मोठ्यानं गाणं लावून. एक शेळी तारेखालून आत आली, गोदावरीची ओढणी हुंगून गेली. गोदावरी हलली नाही. इतर मुलांचं पळून झालं, पिशव्या टोपलीत पडल्या, ती उभीच. बाप आधी तिच्या तोंडाकडं बघत होता. मग त्याची नजर खाली तिच्या पायांवर गेली आणि तिथंच राहिली.

“बांधल्यालं न्हाई काय तिला,” तो म्हणाला. आम्हाला नव्हे, स्वतःलाच.

“न्हाई,” बाई म्हणाल्या.

“मग कामून हुबी हाय?”

“नाव ऐकायची वाट बगायलीय. घ्या तुमी.”

त्यानं हाक मारली, “गोदे.” ती हलली नाही.

“पुरं घ्या.”

त्याला ते जड गेलं. बारशानंतर त्या माणसानं ते नाव पुरं उच्चारलं नसावं.  मग म्हणाला, “गोदावरी.”

ती निघाली. तिचं पळणं काही पुस्तकातलं नव्हे. हात पिशवीला अडकलेले, डावा पाय बाहेर फेकला जायचा, तोंड उघडं. पण तीसच्या वर पावलं ती न थांबता आली. माझी ती लांब सरळ रेघ ओलांडताना तिनं तिच्याकडं बघितलंही नाही. टोपलीपाशी आली, थांबली, बापाकडं बघितलं आणि पिशवी टोपलीत न टाकता त्याच्या हातात दिली.

बाप ती पिशवी तळहातावर धरून बराच वेळ उभा होता. मग खाली बसला आणि तिच्या डाव्या घोट्यावरचा तो वळ त्यानं अंगठ्यानं चोळला, माती लागली असेल तर निघावी तसं.

“ऱ्हाऊ द्या बाई हितंच,” तो म्हणाला. “तिची माय बी हेच म्हनत हुती.” मग जरा वेळानं, “ही पिशवी नेऊ का?”

“न्या. पन पाडव्याला आनून द्या. ती तिची हाय.”

त्यानं पिशवी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि साडेपाचच्या एस.टी.नं गेला. मी बाईंच्या बोलण्याची वाट बघत होतो. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या जाताना एवढंच म्हणाल्या, “उद्या फक्की आना सर.”

मंगळवारी सकाळी मी फक्कीचं पोतं घेऊन आलो तर बाई मैदानावर उभ्या होत्या. मैदान वाळलं होतं. आणि धुतलेल्या पाटीवर पाणी सुकल्यावर आधीची अक्षरं दिसायला लागतात, तशा बाईंच्या रेघा वर आल्या होत्या. मातीत इतकी वर्षं जिरलेली ती फक्की एका दिवसाच्या खराट्यानं आणि पाण्यानं जाणार नव्हती. सगळ्या फिकट, पण सगळ्या होत्या. आणि एकेका रेघेपुढं, लिंबाच्या दिशेनं, तिच्या जुन्या रेघा, एकीपुढं एक, वीत वीत अंतरावर. गोदावरीच्या तर बुंध्याजवळून कुंपणाजवळपर्यंत. मी त्या मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिल्या. 

आम्ही दोघं त्या शेवटच्या रेघेपाशी गेलो. मागं ओल्या मातीत उमटलेली गोदावरीची दोन पावलं वाळून घट्ट झाली होती. बोटांसकट. एरवी ती अंगठे रेघेला टेकवून उभी राहायची. पण ही पावलं रेघेला टेकलेली नव्हती, थोडी मागं होती.

“जरासं चुकली म्हणायची,” मी म्हटलं. “एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत एवढं चालायचंच.”

 बाई खाली बसल्या. अंगठा रेघेवर ठेवला आणि करंगळी ताणली. करंगळी बरोबर तिच्या पायाच्या बोटांच्या ठशाला टेकली.

“सर, काल कोनता वार हुता?”

“सोमवार,” मी म्हटलं.

काल बाई गावाला गेल्या होत्या. काल रेघ कुणी सरकवली नव्हती. एक पाय मागं घेऊन दुसरा शेजारी जुळवताना मी तिला माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

बाईंनी हात तसाच जमिनीवर ठेवला होता. मग त्यांनी वर बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मला म्हणाल्या, “तुमचा टेप द्या.” त्यांचा स्वतःच्या हातावर विश्वास बसत नव्हता. मी टेप आणला. त्यांची वीत मोजली, मग ते अंतर मोजलं. दोनदा मोजलं. एकच भरलं.

“मला वाटायचं, मी चोरून करायलेय,” बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण हाताला फक्की होती. “अडीच वर्सं सर. तिला समदं म्हाईत हुतं. दर सोमवारी ती स्वताहून वीतभर जास्त पळायची अन् एकदा बी बोलली न्हाई.”

ज्या बाईंना मी काही महिने थक्क होऊन बघत होतो, त्या त्या दिवशी माझ्याशेजारी मातीत बसून एका मुलीच्या पावलांकडं तशाच बघत होत्या. मी त्यांना इतकं लहान आणि इतकं मोठं एकाच वेळी कधी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी पावणेचारला बाईंनी इतर सगळ्या रेघा ओढल्या. शेवटच्या रेघेपाशी गोदावरी आपली आपण येऊन उभी होती. बाईंनी डबा तिच्या हातात दिला आणि मला घेऊन लिंबाखाली आल्या. गोदावरीनं डब्यात हात घातला, बराच खोल, आणि मूठ भरून वाकली. रेघ चांगलीच वाकडी आली. माझा हात शिवशिवला, पण मी जागचा हललो नाही.